कागद आला नाही

डबा निळा होता. पोलिओचे डोस घेऊन गावोगावी फिरणाऱ्या सिस्टरांच्या खांद्याला असतो तसा. डिसेंबर २०१०. सातपुड्यातल्या धडगावहून निघालेल्या जीपमध्ये मी तो मांडीवर घेऊन बसले होते, कारण खाली ठेवला की चांदसैली घाटाच्या प्रत्येक वळणाला आपटायचा. आत जांभळ्या टोपणाच्या नळ्या होत्या, एकेकीत जेमतेम दोन मिलिलीटर रक्त. कडेने बर्फाच्या पिशव्या आणि मधे वर्तमानपत्राच्या जाड घड्या. रक्त गार राहिलं पाहिजे, पण त्याचा बर्फ होता कामा नये. बर्फ झाला की तांबड्या पेशी फुटतात आणि मग पाहायला काही उरत नाही. नंदुरबारहून रात्रीची गाडी, सुरतेला बदल, सकाळी मुंबई. प्रयोगशाळेचं दार उघडेपर्यंत मी जिन्यात बसून राहायचे. डबा मांडीवरच.

नळ्यांवर नावं नव्हती, आकडे होते. अशा चार खेपांमध्ये आकडे २१४ पर्यंत गेले. आकड्यांसमोरची नावं, पाडा, वय, आईबापाची नावं एका लांबट हिरव्या वहीत होती. ती वही आज माझ्यासमोर आहे. माझ्या नोकरीचा, शिक्षणाचा, छापलेल्या शोधनिबंधांचा हिशेब कुणी मागितला तर मी तो दहा मिनिटांत देऊ शकते, सगळं एका फाइलमध्ये टाइप केलेलं आहे. या वहीचा हिशेब मात्र अजून पुरा व्हायचा आहे, आणि मला लिहायचंय ते त्याबद्दलच.

आमचं गाव यावल तालुक्यातलं, फैजपूरजवळ. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ साली जिथे झालं ते फैजपूर. घरी केळी. आप्पांनी आधी बसराई लावली, मग श्रीमंती, आणि मी शाळेत असताना टिश्यू कल्चरची ग्रँड नैन. मुनव्यांच्या, म्हणजे जुन्या केळीच्या बुडाशी फुटलेल्या कोंबांच्या, बागेला घड कापायला अठरा महिने लागायचे, टिश्यूच्या रोपांना वर्षभर पुरायचं. आठवीत असताना शाळेची सहल जळगावला अशीच रोपं तयार करणारी प्रयोगशाळा बघायला गेली. काचेपलीकडे पांढरे कोट घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. तोंडाला कापड, हातात चिमटा, समोर बाटल्या, आणि बाटलीतल्या जेलीवर नखाएवढे हिरवे कोंब. आमच्या गल्लीतल्याच असाव्यात अशा त्या बायका, पण एकीच्याही हातात बांगडी नव्हती. सर सांगत होते की हातावरचा एक जंतू आत गेला तर पूर्ण बाटली वाया. बाकीची मुलं पुढे निघून गेली, मी काचेला नाक लावून तिथेच उभी राहिले. एवढ्या काळजीने कुणी काही करताना मी त्याआधी फक्त आजीला पाहिलं होतं, खापरावर मांडे टाकताना.

पुढचं पटकन सांगते. फैजपूरला बीएस्सी, जळगावला विद्यापीठात एमएस्सी, मग नेट, मग मुंबईतल्या एका संस्थेत पीएचडी. आप्पांनी विचारलं, पगार किती? पगार नाही आप्पा, फेलोशिप आहे, महिना १२,००० रुपये. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, ती १६,००० झाली. आप्पांना पैशापेक्षा दुसरीच चिंता होती. "पण तू डॉक्टर होनार ना? मंग तुह्या हाताखाली पेशंट कोन?" मी म्हणाले, पेशंट नाही, मी रक्तावर काम करणार. त्यांनी मान हलवली. "रक्त काही झाडाले लागत नाही. ते कोनाचं तरी असतंच." मी तेव्हा हसले होते.

विषय सिकलसेलचा. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी ज्या जिल्ह्यात वाढले तिथून दोन-तीन तासांच्या वाटेवर इतकी माणसं या दुखण्याने तळमळतात हे मला मुंबईला गेल्यावर कळलं. आम्हा तापीकाठच्या लोकांना डोंगर माहीत होता तो आमचूर आणि चारोळी घेऊन बाजारात येणाऱ्या माणसांपुरता.

आजार काय आहे ते आधी सांगायला हवं. रक्ताला तांबडा रंग देणारं हिमोग्लोबिन म्हणजे अमिनो आम्लांच्या चार माळा. त्यातल्या बीटा नावाच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन येतं. १४६ मण्यांच्या माळेतला एक मणी बदलतो. एवढ्या फरकाने काय होतं, तर प्राणवायू सोडून दिला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या वळतात, आणि मऊ, गोल, वाटीसारखी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. अंगात रक्त राहत नाही. आणि बारीक वाहिन्यांमध्ये असे विळे अडकले की पुढे रक्त जात नाही, मग हाडांत कळा उठतात. धडगावकडे एका आजोबांनी मला त्या कळांबद्दल सांगितलं होतं की हाडाच्या आत कुणी पहार घालून माती उकरतंय असं वाटतं. मी पुष्कळ पुस्तकं वाचली, याहून नेमकं वर्णन मला कुठे सापडलं नाही.

आता एक चाचणी जवळून दाखवते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यात अडकलेली आहे. काचपट्टीवर रक्ताचा लहानसा थेंब घ्यायचा. त्यावर सोडियम मेटाबायसल्फाइटचं ताजं द्रावण, जळक्या काडीसारखा वास येणारं. वर पातळ काच ठेवायची आणि तिच्या चारही कडा व्हॅसलिनने बंद करायच्या, हवा आत जाता कामा नये. हे द्रावण प्राणवायू शोषून घेतं. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात डोळा लावला की सगळ्या पेशी गोलच दिसतात, मधे फिकट, कडेला गडद, परातीत पसरलेल्या नाण्यांसारख्या. अर्धा तास थांबायचं. मग एखाद्या पेशीची कड हळूच दबते. तिला टोक येतं. शेजारचीला दोन टोकं येतात. बघता बघता अर्ध्या चौकटीत विळेच विळे. पहिल्यांदा हे पाहिलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही, भीतीने नव्हे, इतकं स्पष्ट काही डोळ्यांसमोर घडताना मी पाहिलंच नव्हतं म्हणून.

पण या चाचणीत एक मोठी उणीव आहे. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच ती सांगते. आईबाप दोघांकडूनही तो बदललेला जनुक आला असेल तर माणूस आजारी असतो. एकाकडूनच आला असेल तर तो नुसता वाहक, त्याला सहसा काही होत नाही. काचपट्टीवर मात्र दोघांच्याही पेशी विळ्यासारख्या होतात. गावात शिबिरात करतात ती विद्राव्यतेची चाचणीही तशीच, दोघांचीही नळी गढूळ दिसते. रुग्ण कोण आणि वाहक कोण हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस लागतं किंवा त्याहून महागडं यंत्र. ओल्या पट्टीवर रक्ताचा अर्क ठेवून वीज सोडायची. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो, म्हणून सिकलचं हिमोग्लोबिन मागे रेंगाळतं. पट्टी तांबड्या रंगात बुडवून धुतली की उत्तर दिसतं. पुढे एकच रेघ असेल तर निरोगी, मागे एकच असेल तर रुग्ण, पुढेमागे दोन असतील तर वाहक. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हाच फरक दाखवला, तेव्हा एखादा आजार एका रेणूतल्या बिघाडाने होतो ही गोष्ट जगात पहिल्यांदा सिद्ध झाली. नेमका कोणता मणी बदलला ते व्हर्नन इंग्रॅम यांनी पुढच्या सात-आठ वर्षांत शोधलं.

या प्रत्येक पट्टीवर पहिल्या घरात निरोगी माणसाचं रक्त लावावं लागतं, तुलनेसाठी. आमच्याकडे ते माझं असायचं. दर आठवड्याला बोट टोचून मी माझा थेंब पहिल्या घरात ठेवायचे आणि त्याच्या शेजारी ४१, ४२, ४३, ४४. संध्याकाळी सगळ्यांच्या रेघा एकदमच उमटायच्या. माझी रेघ मी त्याच दिवशी पाहायचे. ४१ आणि ४२ला त्यांच्या रेघा कुणी दाखवल्या नाहीत.

शिबिरात आम्ही प्रत्येकाकडून संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला होता. पावरी बोलणाऱ्या अंगणवाडीच्या ताई मजकूर समजावून सांगायच्या. शेवटी मी माझं वाक्य म्हणायचे, "दोन-तीन महिन्यांत मी परत येईन आणि पक्का रिपोर्ट सांगेन." ते वाक्य कागदावर नव्हतं. ते मी माझ्या मनाने जोडलं होतं आणि म्हणताना मनापासून म्हणत होते. ज्यांची नळी गढूळ झाली त्यांना ताई तिथल्या तिथे सांगत होत्या, "तुझ्यात सिकल निघालं." पुढचं मुंबईहून कळणार होतं.

मुंबईहून काही कळलं नाही. फेब्रुवारी २०११ पर्यंत माझ्या सगळ्या पट्ट्या पूर्ण झाल्या होत्या. प्रकल्पाच्या खर्चात पुन्हा डोंगरात जायला तरतूद नव्हती. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की रिपोर्ट पोचवणं आरोग्य खात्याचं काम, संशोधकाचं नव्हे, तू आधी निबंध लिही. मी निबंध लिहायला बसले. परीक्षकांनी आणखी प्रयोग सांगितले, ते केले. मधे सेल कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना, बुरशी लागली आणि चार महिने पाण्यात गेले. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण मला सोडवत नाही. नंदुरबारचं तिकीट काढायला मला कुणी अडवलं नव्हतं. निबंध २०१२च्या अखेरीस छापून आला. त्यात २१४ हा आकडा तीनदा आहे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये दुसऱ्याच एका कामासाठी मी धडगावला गेले. आठवडे बाजाराचा दिवस होता. अंगणवाडीच्या ताई भेटल्या, आणि त्यांच्याबरोबर एक मुलगी होती, वीस-बावीस वर्षांची, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. ताई म्हणाल्या, "ही तुम्हाला शोधत होती." मुलीने सरळ विचारलं, "ताई, माझ्या रक्ताचं काय झालं?"

मला ती आठवत नव्हती. नाव विचारलं, पाडा विचारला, वही माझ्या बॅगेत होती. १३७. तिच्यासमोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, वाहक. तारीख २९ जानेवारी २०११.

मी तिला सांगितलं, तुला आजार नाही. तुझ्यात एक दाणा तसा आला आहे, दुसरा चांगला आहे. लग्न करताना मुलाचं रक्त तेवढं तपासून घ्या. तिने बराच वेळ वहीतल्या त्या ओळीकडे पाहिलं. तिचं लग्न ठरलं होतं. शिबिरात सिकल निघालं हे मुलाकडच्यांना कळलं, रक्त खराब आहे म्हणून त्यांनी नाही म्हटलं. दिलेल्या देजेवरून, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला दिलेल्या पैशावरून, दोन्हीकडे बोलाचाली झाल्या, पैसे परत करायला बापाने बैल विकला. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या टोळीतून तिला मागे ठेवलं, आजारी आहे म्हणून. घरात पाणी भरू देत नव्हते, आजारी आहे म्हणून. दोन वर्षं आई दर अमावस्येला भगताकडे नेत होती. तिने मला विचारलं, "मग ताई, दोन वर्षं मी आजारी कशाला होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिची माफी मागितली. तिने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिला वहीतलं ते पान हवं होतं. वहीचं पान फाडून देता येत नव्हतं, म्हणून बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, एका कोऱ्या कागदावर तिचं नाव, चाचणीचं नाव, निकाल, तारीख असं सगळं मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं, खाली सही केली. त्या कागदाला अधिकृत किंमत काहीही नव्हती. तिने चार झेरॉक्स काढल्या आणि पैसे स्वतः दिले.

तिथून मी थेट घरी गेले. आप्पा ओट्यावर बसले होते, आई आत कळण्याच्या भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. आप्पा माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी मला त्यांच्याच शेतातली एक गोष्ट सांगितली, जी मला माहीतच नव्हती. मी कॉलेजात असताना त्यांनी माती तपासायला दिली होती. सांगितलं होतं तसं शेतात नागमोडी चालत आठ ठिकाणी वीतभर खड्डे घेतले, माती गोळा करून घोळली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले, असं करत करत अर्धा किलो उरवली, सावलीत वाळवून पिशवीत भरली, वर गट नंबर घातला. पोचवायला बसने गेले. "महिन्यात कागद येईल म्हने. दोन वरीस मी त्या कागदाची वाट पाह्यली. खत अंदाजानंच टाकत राह्यलो." मग थोडं थांबून म्हणाले, "माती देऊन मी एवढा चरफडलो. तिनं तर रक्त देल्हं होतं."

सिकलसेलचा इतिहास मी त्यानंतर वेगळ्या नजरेने वाचायला लागले. या आजाराचा पाश्चात्त्य वैद्यकातला पहिला निबंध जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागोहून छापला. रुग्ण ग्रेनेडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण. त्याच्या रक्तातल्या वाकड्या पेशी आधी दिसल्या त्या अर्नेस्ट आयर्न्स या कनिष्ठ डॉक्टरला, १९०४च्या डिसेंबरात. निबंधावर आयर्न्सचं नाव लेखक म्हणून नाही आणि तरुणाचं तर नावच नाही. तो शिकून ग्रेनेडाला परतला, तिथे दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये ऐन तरुणपणी गेला. त्याचं नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल होतं हे वैद्यकाच्या वाचकांसमोर यायला १९८९ उजाडलं. निबंध पाठ असलेल्या कितीतरी लोकांना हे नाव माहीत नसतं. मी माझ्या प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात त्या नावाने करते, आणि मुलांना ते वहीत लिहायला लावते.

२०१४ मध्ये पीएचडी झाली. तीन वर्षं अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, केलं. तिथलं काम मला अतिशय आवडलं, हेही मनापासून सांगते. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जातं आणि मोठेपणीचं त्याची जागा घेतं. त्यामुळेच सिकलचं बाळ पहिले पाच-सहा महिने ठणठणीत दिसतं. ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन यांना १९४८ मध्येच हे लक्षात आलं होतं. काही माणसांमध्ये ते गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं आणि त्यांचा आजार सौम्य राहतो. भारतातल्या सिकलच्या पुष्कळ कुटुंबांमध्ये असं दिसतं, पण सगळ्यांत नाही. एकाच पाड्यावर, एकाच घरात, एक भाऊ झाडावर चढून आंबे उतरवतो आणि दुसरा दर दोन महिन्यांनी सलाइनवर असतो. हे का, एवढाच माझा प्रश्न आहे. गेली दहा वर्षं मी त्याच प्रश्नावर आहे आणि उरलेली वर्षंही त्यालाच देणार आहे.

हे काम किती सावकाश चालतं ते एका औषधावरून सांगते. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन जर्मनीत १८६९ मध्ये तयार झालं. पुढे ते रक्ताच्या कर्करोगावर वापरलं गेलं. ते गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि सिकलच्या कळा कमी करतं हे मोठ्या चाचणीत १९९५ मध्ये दिसलं, आणि अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये परवानगी मिळाली. आज धडगावकडची कितीतरी मुलं या साध्या कॅप्सूलमुळे शाळेत बसू शकतात. त्या १८६९च्या रसायनशास्त्रज्ञांच्या मनात सातपुडा असणं शक्यच नव्हतं. दुसरीकडे डिसेंबर २०२३ मध्ये जनुकात बदल करणारी उपचारपद्धती अमेरिकेत मंजूर झाली. एका रुग्णाच्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर. ती बातमी आली त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणाऱ्या ज्या जनुकाच्या बटणावर ती पद्धत बोट ठेवते त्याच्याच आसपास मी वर्षानुवर्षं काम केलं होतं. आणि त्याच दिवशी मला एका बापाचा फोन आला होता, शहाद्याला रक्ताची पिशवी मिळत नाही म्हणून.

२०१८ मध्ये परत आले. मुंबई-पुण्यात जागा मिळत होती, मी जळगाव निवडलं. लोकांना तो निर्णय वेडेपणाचा वाटला. इथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. वजा ८० अंशांचा फ्रीजर तेव्हा रात्रंदिवस धापा टाकत असतो, आणि वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत आम्ही सगळे त्याच्या दारावरच्या आकड्याकडे टक लावून उभे असतो. पण निळा डबा आता रात्रभर प्रवास करत नाही. सकाळी शहाद्यात घेतलेलं रक्त दुपारच्या आत माझ्या टेबलावर असतं.

आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. रिपोर्ट घरी पोचल्याशिवाय तो आकडा निबंधात घ्यायचा नाही. पोचल्याशिवाय म्हणजे आरोग्य केंद्रात गठ्ठा टाकून नव्हे, माणसाच्या हातात, समजावून. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या नीतितत्त्वांमध्ये संशोधनाचा फायदा सहभागी माणसांपर्यंत पोचवण्याबद्दल लिहिलेलं आहेच, मी काही नवीन शोध लावलेला नाही. पण बढतीच्या अर्जात निबंध किती, कोणत्या जर्नलमध्ये, अनुदान किती याचे रकाने आहेत. किती कागद परत दिले याचा रकाना नाही. या नियमामुळे माझे निबंध माझ्या बरोबरीच्यांच्या निम्मेही नाहीत, दोन अनुदानं हातची गेली, एक निबंध दीड वर्ष थांबला कारण त्यातली तेरा माणसं बारडोलीकडे ऊस तोडत होती. मला याचं वाईट वाटतं. पण हा नियम मी मोडणार नाही, आणि माझ्याकडे पीएचडी करायला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशीच तो सांगते. काही जण दुसरीकडे जातात.

रिपोर्टच्या कार्डावरचं चित्र आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीने, सुचवलं. आम्ही आधी गोल आणि विळा काढला होता, तो पाहून बायका घाबरायच्या. ताई म्हणाल्या, मक्याचे दाणे काढा. आता कार्डावर मक्याचे दोन दाणे असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. दोन्ही पिवळे म्हणजे काही नाही. एक पिवळा आणि एक काळा म्हणजे वाहक. दोन्ही काळे म्हणजे औषध सुरू. समजावताना मी आणखी एक गोष्ट सांगते, जी अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या कामातून दाखवली, की वाहकाला मलेरियाचा जीवघेणा ताप सहसा गाठत नाही. म्हणजे या जंगलात तापाने माणसं मरत होती तेव्हा तुमच्या पूर्वजांना या एका काळ्या दाण्याने वाचवलं. हे ऐकल्यावर म्हातारी माणसं सावरून बसतात. खराब रक्त या शब्दाला माझ्याजवळ एवढं एकच औषध आहे.

१३७चं पुढे लग्न झालं. मुलाचं रक्त आधी तपासलं, त्याचे दोन्ही दाणे पिवळे निघाले. ती आता तिच्या पाड्याची आशा आहे. आमच्यात मैत्री आहे असं मी म्हणणार नाही. ती मला काम सांगते, मी ते करते. शिबिरात रक्त देणारा माणूस उठायला लागला की ती त्याला थांबवते आणि माझ्याकडे बोट दाखवून पावरीत काहीतरी बजावते. काय सांगतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "ही बाई कागद घेऊन नाही आली तर मला सांग."

हिरव्या वहीतल्या २१४ पैकी १७८ जणांना मी सुट्ट्यांमध्ये, स्वतःच्या खर्चाने, त्यांचे कागद हातात दिले. सत्तावीस जण आता नाहीत. त्यांतल्या अकरा नावांसमोर रुग्ण लिहिलेलं आहे. त्या घरी मी जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही.

उरले नऊ. काही जण सुरतेकडे कायमचे गेलेत, दोघींची लग्नं होऊन पाडे बदललेत, एकाचं नाव मी त्या वेळी चुकीचं लिहिलं असावं असं आशाताईंना वाटतं. ऊसतोडीचे सगळे होळीला परततात, कितीही लांब असले तरी. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात डोंगरातला प्रत्येक माणूस एकदा तरी दिसतो. नऊ पाकिटं तयार आहेत. १३७ने निरोप पाठवलाय, मोलगीच्या बाजारापासून सुरुवात करू, पहाटे निघा, आणि येताना सूक्ष्मदर्शक आणा, पोरांना बघायचाय.